शालूबाईकडचा हाराचा फोटो

त्या दिवशी पहाटेच नळाला पाणी आलं होतं. बऱ्याच दिवसांनी नळ आला की अमडापुरात कोणाला बोलायला फुरसत नसते. शालूबाईने ड्रम भरले, बादल्या भरल्या, भगुनी भरली, आणि आता नळी तुळशीत सोडावी की न्हाणीतल्या टाक्यात, या विचारात ती उभी होती. गॅसवर चहा उकळून अर्धा झाला होता. तेवढ्यात बाहेरच्या दाराची कडी वाजली.

दार सताड उघडं होतं. गावात उघड्या दाराची कडी कोणी वाजवत नाही, हाक मारत सरळ आत येतात. कडी वाजवून बाहेर उभा राहतो तो ज्याच्या घरी सुतक आहे तो. शालूबाईने नळी तशीच टाकली, पदराला हात पुसले आणि बाहेर आली.

दीपक होता. अंगावर पांढरा शेला, पायात चप्पल नाही. त्याच्या आईची, अन्नपूर्णाबाईची, माती कालच झाली होती. शालूबाई स्वतः गेली होती, घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं होतं.

"आत ये म्हणत नाही बापा. बस ओट्यावर."

"हाव." तो बसला. समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहत म्हणाला, "मावशी, उद्या तिसरा हाय. पाहुणे येऊन राह्यले. फोटो पाह्यजे होता."

"मले वाटलंच तू येशीन."

"मायनं दवाखान्यात सांगतलं होतं. बोलता येत नोतं बरोबर. तरी म्हणे, शालूकडं माहा फोटो हाय, तोच लावजो. मी म्हटलं कोणता, तं नुसती हसली."

"हाय न. तुह्या मायनं सारं आधीच करून ठेवेल हाय. तू फक्त चिखलीहून छापून आण." शालूबाईच्या आवाजात दुःख होतं, पण त्याच्या खाली थोडं समाधानही होतं. मैत्रिणीचं एक काम तरी तिने नीट करून ठेवलं होतं.

शालूबाईचं हे काम कसं सुरू झालं ते सांगायला हवं. तिचा नवरा रामराव लग्नाचे फोटो काढायचा. बस स्टँडजवळ त्याचा स्टुडिओ होता. रामराव कॅमेरा धरायचा आणि शालूबाई लाइट. बाईमाणूस लग्नात लाइट धरून फिरतं म्हणून सुरुवातीला लोक हसले, पण नवरीच्या खोलीत तिच्यामुळेच रामरावला शिरता यायचं. पुढे घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओचं शटर खाली आलं, आणि कॉम्प्युटर घरी, पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी येऊन बसला. दसऱ्याला त्यालाही हळदकुंकू लागायचं. रामराव गेल्यावर शालूबाईने तो बंद करून वर कापड टाकलं असतं, पण लोकांनी टाकू दिलं नाही. कारण एक काम मोबाइलने केलं नव्हतं. माणूस मेलं की हार घालायचा फोटो लागतो, आणि खेड्यातल्या कितीतरी माणसांचा, विशेषतः बायांचा, एकटीचा धड फोटो कुठेच नसतो. असतो तो कोणाच्या तरी लग्नात, दहाजणांत, रामरावने काढलेला. शालूबाई त्यातून चेहरा कापून काढायची, मागे निळा रंग भरायची, पुरुषाला त्याने जन्मात न घातलेला कोट चढवायची आणि वर हार टाकायची. मग चिखलीला छापून आणायचं, आणि सईदभाईंनी काचेची फ्रेम करायची.

खुद्द रामरावचा फोटो शोधताना तिची पंचाईत झाली होती. आयुष्यभर तो कॅमेऱ्याच्या मागे. शेवटी एका नवरीच्या आरशात तो सापडला, अर्धा चेहरा कॅमेऱ्याआड. तोच भिंतीवर आहे. एक डोळा आणि मिशी.

तो फोटो पाहूनच अन्नपूर्णाबाई पहिल्यांदा म्हणाली होती, "शालू, मले माहा आत्ताच निवडू दे. आमच्या घरी सासू भिंतीवरून अजून डोळे वटारून पाह्यते. मी मेल्यावर सुनांले तसं नोको."

दोघी खूप हसल्या होत्या. मग खरंच बसून फोटो पाहिले. अन्नपूर्णाबाईच्या मुलीच्या हळदीतला एक निघाला. पदर डोक्यावरून घसरलेला, गालाला हळद, तोंड उघडं टाकून हसत होती. व्याह्यांनी तो अल्बममध्ये घेऊ दिला नव्हता, विहीणबाई अशी कशी हसते म्हणून. "हाच," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "अन् पदर वर घेऊ नोको. ऱ्हाऊ दे तसाच."

एकीचं पाहून दुसरी आली. दुपारची भांडी घासून झाली की एखादी म्हातारी हळूच यायची, इकडचं तिकडचं बोलायची आणि मग म्हणायची, माहा पाहून दे न व. शालूबाईने कॉम्प्युटरवर समोरच, उघडल्याबरोबर दिसेल असं फोटोंचं एक खातं, म्हणजे फोल्डर, केलं होतं. त्याला नाव दिलं होतं "मांगून". मागाहून लागतील ते. सगळं तयार, निळा रंग भरलेला, हार तेवढा टाकायचा बाकी. छापत मात्र एकही नव्हती. जित्या माणसाचा असा फोटो कागदावर काढायचा नाही, आयुष्य तुटतं, असं गावात मानतात. रामराव मानायचा, शालूबाईही मानायची.

मग या उन्हाळ्यात सईदभाईंनी टोमणा मारला. "भाभी, सबके गले में एकच झेंडूचा हार टाकते तुम. वरती गेल्यावर लोक हारावरूनच आपल्या गावचे वळखत असतील."

म्हणून तिने इंटरनेटवर नवा हार शोधला. फुकट हार देणारी एक जागा सापडली. तिथे आधी एक चौकोन आला, परवानगी द्या, मग पुढे जा. तिने परवानगी दिली. पांढऱ्या शेवंतीचा सुरेख हार मिळाला. आणि दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट यायला लागली.

तुमचा संगणक धोक्यात आहे. व्हायरस सापडले. तुमचे सर्व फोटो कायमचे नष्ट होतील. आत्ता इथे दाबा.

एक मिटवली की दुसरी. वर भोंगा. देव्हाऱ्यात दिवा लावताना भोंगा, कोणी मेल्या घरचं माणूस बाजूला रडत असताना भोंगा. तिने एकदा घाबरून तिथे दाबलंही. एक हिरवं चाक फिरलं, आणि मग लाल चौकटी दुप्पट झाल्या. फोटो नष्ट होतील, हे वाचलं की लगेच "मांगून" उघडून ती एकेकीचं तोंड पाहून घ्यायची, आहेत ना सगळ्या म्हणून.

मुलगा राजकुमार पुण्याला कंपनीत. तो फोनवर वैतागला. "कुठंतरी भलतंच दाबलं असशील आई. दुकानात दे पाठवून, मी बोलतो त्यांच्याशी." सईदभाई काच आणायला चिखलीला जाणारच होते. त्यांनी कॉम्प्युटरचा डबा पोत्यात गुंडाळला, ऑटोत मांडीवर घेऊन गेले आणि काल सांजच्याला, माती करून लोक परतत असतानाच, परत आणून ठेवला. "एकदम साफ है बोल्या दुकानवाला."

ते पोतं अजून तसंच होतं. शालूबाईने ते सोडलं, वायरी लावल्या, बटण दाबलं. पडदा तिने दाराकडे वळवला, बाहेर ओट्यावर बसलेल्या दीपकला दिसावा म्हणून. पडदा निळा झाला. ती कोपऱ्याकडे बघत थांबली. लाल चौकट आली नाही. भोंगा वाजला नाही.

"गेलं बाई एकदाचं," ती म्हणाली.

मग तिने "मांगून" शोधलं. समोर नव्हतं. समोर कचऱ्याची टोपली होती आणि आणखी एक-दोन चित्रं, जी तिच्या ओळखीची नव्हती. तिने आत पाहिलं. दुसऱ्या कप्प्यात पाहिलं. तिथे रामरावने कधीतरी भरून ठेवलेली बँडची गाणी होती, लग्नपत्रिकांचे नमुने होते. माणूस एकही नव्हतं.

"सापडून नाही राह्यला का मावशी?"

"थांब बापा."

तिने राजकुमारला फोन लावला. तो कंपनीच्या गाडीत बसत होता.

"राजू, फोटो कुठी गेले?"

"कोणते फोटो? मी त्याला सांगितलं होतं, सी ड्राइव्ह उडव, डी ला हात लावू नको. डी मध्ये असतील."

"डी मध्ये गाणे हायेत."

"आई, तू फोटो ठेवायची कुठे?"

"समोर. तुह्या बाबानं समोरच ठेवेल होते सगळे. मीबी तिथंच ठेवत गेली. समोर दिसले पाह्यजेत न."

"समोर म्हणजे सी मध्येच असतं आई ते," राजकुमार हळू म्हणाला. "मला वाटलं... कोणी समोर ठेवतं का सगळं? मी दुकानवाल्याला फोन करून बघतो."

शालूबाई पडद्यासमोर बसून राहिली. घरातली मोलाची वस्तू माणूस डोळ्यासमोर ठेवतं. आतल्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवलेली सुरक्षित आणि समोरची पहिल्यांदा जाणारी, असं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. विचारलं कोणी असतं तर तिने सांगितलं असतं. दुकानवाल्याने राजकुमारला विचारलं, राजकुमारने दुकानवाल्याला सांगितलं. तिला कोणीच विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने फोन वाजला. दुकानवाला म्हणत होता, वरून नवीन भरलं आहे, आता काही निघत नाही.

न्हाणीत नळी तशीच वाहत होती. ती उठली, नळ बंद केला, आटून करपलेल्या चहाचा गॅस बंद केला आणि बाहेर ओट्यावर आली. सुतकाचा विचार न करता दीपकशेजारी टेकली.

"दीपक, तुह्या मायचा फोटो गेला बापा. डब्बा साफ करता करता सारंच साफ झालं."

तो शेल्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "कोणता होता तो?"

तेव्हा तिने सांगितलं. हळद कोणत्या गालाला होती, पदर कुठपर्यंत घसरला होता, कानातला एक टॉप्स उलटा झाला होता तो. मागे मंडपाचा पिवळा पडदा होता, तो काढून तिने निळं केलं होतं. समोरचा दात थोडा आडवा, तो मुद्दाम सरळ केला नव्हता.

"माय अशी हसत होती?"

"त्या दिवशी हसली."

"मी होतो न तिथं. मले काऊन नाही दिसली?" दीपकने विचारलं, आणि मग पहिल्यांदाच त्याला रडू फुटलं. "माह्या मोबाइलमध्ये दवाखान्यातलेच हायेत मावशी. नाकात नळी. ताईच्या अल्बममध्ये हाय, तं मामाच्या खांद्यामांगं, अर्धी. बाकी आधार कार्ड हाय."

"आधार दाखव."

आधार कार्डावर अन्नपूर्णाबाई चोरी करताना धरल्यासारखी दिसत होती. शालूबाईने मोबाइलवरून तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला. सईदभाई तेवढ्यात फ्रेमचं माप घ्यायला आले आणि दारातच थबकले. ओट्यावरच्या दीपककडे, मग आत पाहून म्हणाले, "क्या हुआ भाभी?"

"फोटो गेले सईदभाई. सारे."

"सारे म्हंजे?" त्यांनी फ्रेमची पट्टी भिंतीला टेकवली. त्यांच्या अम्मीचा, अमीरबीचाही फोटो त्यात होता. त्यांच्याकडे हार घालत नाहीत, पण म्हातारीने एक दिवस हट्टाने येऊन निवडला होता, पोरांना आठवण राहील म्हणून. "भाभी, मैंने तो सिरफ उचलून नेला. मांडीवर धरून नेला. खड्ड्यातबी आपटू नाही दिला."

"तुमाले कोण म्हणते?"

ते पायरीवर खाली बसले.

शालूबाई कामाला लागली. फोटो कापायचं सॉफ्टवेअर तेवढं दुकानवाल्याने परत भरून दिलं होतं. चेहरा कापला, कपाळावरची सावली पुसली, ओठांचे कोपरे जरासे वर उचलून पाहिले. ते आणखी वाईट दिसलं, म्हणून पुन्हा खाली केले. हार मात्र शेवंतीचाच टाकायचा होता, आणि तोही गेला होता. तिने परत ती फुकट हारांची जागा उघडली. चौकोन आला, परवानगी द्या, मग पुढे जा. सवयीने तिने दिली. हार उतरला. तो अन्नपूर्णाबाईच्या गळ्यात बसवत असतानाच कोपऱ्यात लाल चौकट उगवली आणि भोंगा वाजला.

तुमचे सर्व फोटो कायमचे नष्ट होतील.

सईदभाई उठून उभे राहिले. "ये फिर आया? साफ केला न त्यानं?"

शालूबाईने या वेळी चौकट मिटवली नाही. चष्मा वर सरकवून ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. इतके दिवस ती फक्त लाल अक्षरं वाचत आली होती. आज पहिल्यांदा तिने सगळ्यात खालची, बारीक, राखाडी ओळ वाचली. तिथे एका जागेचं नाव होतं. तेच नाव वर, हारांच्या पानावर होतं.

तिने राजकुमारला पुन्हा फोन लावला आणि जे दिसत होतं ते वाचून दाखवलं. मग त्याने सांगितलं तसं ती एकेक दाबत गेली. सेटिंग, परवानगी, सूचना. तिथे त्या जागेचं नाव एकटंच होतं. त्याच्यापुढे तीन टिंबं. काढून टाका. तिने काढून टाकलं. लाल चौकट विरली ती विरलीच. गॅसवरचं चहाचं भांडं अजून कोमट होतं.

"म्हंजे डब्ब्यात काहीच नोतं?" ती म्हणाली.

"नव्हतं आई. ते बाहेरूनच, त्या हारांच्या जागेवरून, बोलत होतं. परवानगी होती म्हणून बोलत होतं." मग तो म्हणाला, "मी आधी विचारायला पाहिजे होतं."

"हाव," शालूबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

फोटो तयार झाला. तिने पडदा दाराकडे वळवला. दीपक उंबऱ्यापर्यंत आला, आत पाय न टाकता वाकून पाहिलं. शेवंतीच्या हारामागून अन्नपूर्णाबाई सरकारी डोळ्यांनी बघत होती.

"ही माय नाही वाटत," तो म्हणाला.

"नाही वाटत."

"आता काय करता मंग. उद्या पाहुणे हायेत. द्या."

तिने फोटो पेन ड्राइव्हमध्ये भरला. सईदभाईंनी पट्टी उचलली. "फ्रेम का पैसा नक्को रे दीपक," ते म्हणाले आणि मान खाली घालून गेले. घरी अम्मीला काय सांगायचं, हा घोर त्यांच्या पाठीवर दिसत होता. आता सांगायला शालूबाईलाही घरोघरी जायचं होतं. काही जणी पुन्हा येऊन बसतील, नवा काढू म्हणतील. पण कडूबाची आई अंथरुणात पडून होती, ती आता माणसं ओळखत नव्हती, आणि तिचा तो पाटावर बसून सुपारी कातरतानाचा फोटो पुन्हा कुठून येणार होता? सगळ्या बायांनी आपलं हसू तिच्याकडे ठेवायला दिलं होतं, आणि ती एक खोटी चौकट घालवायच्या नादात ते घालवून बसली होती.

देव्हाऱ्यावरच्या भिंतीवर रामरावचा एक डोळा आणि मिशी होती. तेवढा होता, कारण तो कागदावर होता.

दीपक पायरी उतरत होता. शालूबाई त्याच्यामागे ओट्यावर आली. ऊन आता समोरच्या घराच्या टिनावर चढलं होतं. तिने केस मागे घेतले. पदर डोक्यावर घ्यायला हात गेला, पण तिने तो खांद्यावरच राहू दिला.

"दीपक, एक काम करशीन?"

"सांग न मावशी."

"तुह्या मोबाइलनं माहा एक फोटो काढ."

"सुतकात हावो मी."

"फोटोले सुतक नसते. काढ."

त्याने मोबाइल वर धरला. तिने हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग तिने तो सोडून दिला. त्याने काढला आणि दाखवायला पुढे आला. तिने पाहिला नाही.

"मायच्या फोटोसंग हाबी छापून आण," ती म्हणाली.

"मावशी, जित्या माणसाचा..."

"हार नोको. नुसता फोटो. पण आजच, अन् कागदावर आण."